कुब्जता

पाठीचा कणा स्वाभाविक मर्यादेपेक्षा अधिक पुढे वाकणे आणि त्यामुळे पाठीला मागून गोलाई किंवा टोकदार उंचवटा येणे, याला कुब्जता म्हणतात. आधुनिक वैद्यकात तिला कायफोसिस ही संज्ञा आहे. बोली मराठीत तिच्यासाठी पोक आणि कुबड हे दोन शब्द प्रचलित आहेत. कुब्जता हा एकच एक रोग नव्हे. बसण्याच्या सवयीपासून क्षयरोगापर्यंत आणि जन्मजात दोषापासून वार्धक्यातील हाडांच्या ठिसूळपणापर्यंत अनेक भिन्न कारणांची ती बाहेरून दिसणारी खूण आहे. म्हणून ‘पाठ वाकली आहे’ एवढ्या माहितीवर कोणताही उपचार ठरवता येत नाही. ती कशाने वाकली, हे आधी पाहावे लागते. भारतात तीव्र स्वरूपाच्या कुबडाचे एक प्रमुख कारण कण्याचा क्षय हे राहिले आहे. वेळेवर निदान झाल्यास बहुतेक रुग्णांत टाळता येण्यासारखे कुबडही हेच आहे.

संज्ञा

‘कुबड’ हा शब्द संस्कृत ‘कुब्ज’ या शब्दाशी निगडित आहे, तर कायफोसिस ही संज्ञा कुबड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वातामुळे होणारे जे ८० विकार सांगितले आहेत, त्यांत कुब्जत्वाचा समावेश आहे.

मराठी बोलीने या विकृतीत केलेला भेद लक्षात घेण्याजोगा आहे. मूल ‘पोक काढून बसते’, म्हाताऱ्या माणसाला ‘पोक येते’. येथे संपूर्ण पाठीला आलेली गोलाई अभिप्रेत असते. ‘कुबड’ म्हटले की पाठीवर एका जागी वर आलेला उंचवटा डोळ्यांसमोर येतो. वैद्यकातही गोलाकार कुब्जता आणि कोनाकृती कुब्जता असा भेद करतात, आणि तो निदानाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. गोलाकार बाक अनेक मणक्यांत थोडा थोडा विभागलेला असतो. कोनाकृती बाकात एक-दोन मणकेच पुढून ढासळलेले असतात आणि मज्जारज्जू त्या कोनावर ताणला जाण्याचा धोका असतो.

कण्याचे स्वाभाविक बाक

मनुष्याचा कणा समोरून पाहिल्यास सरळ, परंतु बाजूने पाहिल्यास नागमोडी दिसतो. मानेतील ७ मणके पुढच्या बाजूला फुगीर बाक करतात, छातीमागील १२ मणके मागच्या बाजूला, कमरेतील ५ मणके पुन्हा पुढे, तर त्याखालील त्रिकास्थी व माकडहाड पुन्हा मागे. गर्भावस्थेत संपूर्ण कणा एकाच पुढे वाकलेल्या कमानीसारखा असतो. बाळ मान धरू लागले की मानेचा आणि उभे राहून चालू लागले की कमरेचा उलटा बाक तयार होतो. छातीचा बाक मात्र गर्भातलाच कायम राहतो. थोडक्यात, प्रत्येक निरोगी माणसाच्या पाठीत काही प्रमाणात कुब्जता असतेच, आणि ती पूर्णपणे नाहीशी होऊन पाठ सपाट होणे हादेखील दोषच होय.

हे बाक परस्परांवर अवलंबून असतात. छातीचा बाक वाढला की डोके पुढे जाते. नजर समोर ठेवण्यासाठी मान मागे मोडावी लागते आणि तोल सावरण्यासाठी कमरेचा बाक वाढवावा लागतो. त्यामुळे पाठीत विकृती असलेल्या पुष्कळ रुग्णांची मुख्य तक्रार पाठदुखीची नसून मानदुखीची किंवा कंबरदुखीची असते.

बाक मोजण्यासाठी उभ्या स्थितीत बाजूने क्ष-किरण चित्र घेतात. वरच्या बाजूला सर्वाधिक कललेल्या मणक्याच्या वरच्या कडेला एक रेषा आणि खालच्या बाजूच्या तशाच मणक्याच्या खालच्या कडेला दुसरी रेषा काढून त्या दोहोंतील कोन मोजला जातो. जॉन कॉब या अमेरिकी अस्थिशल्यविशारदाने १९४८ मध्ये पार्श्ववक्रतेसाठी मांडलेली ही पद्धत पुढे कुब्जतेसाठीही रूढ झाली. छातीच्या भागात साधारणपणे २० ते ४५ अंशांचा कोन स्वाभाविक मानतात. वयानुसार तो वाढत जातो, म्हणून सत्तरीतील व्यक्तीला विशीतील माप लावणे योग्य ठरत नाही.

बाक लवचीक आहे की ताठर, हे अंशांइतकेच महत्त्वाचे असते. रुग्णाला पालथे झोपवून डोके व खांदे वर उचलायला सांगितले असता जी पाठ सरळ होते तिच्यात बहुधा हाडांचा दोष नसतो. तशीच वाकलेली राहते ती पाठ तपासणीस पात्र होय.

सवयीची कुब्जता

शाळकरी वयात सर्वाधिक आढळणारा प्रकार हा आहे. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात पाठीचे स्नायू मागे पडतात. उंच मुले वर्गात वेगळी दिसू नयेत म्हणून वाकतात, वयात येणाऱ्या मुली संकोचाने खांदे पुढे घेतात, आणि हातातील फोनमुळे मान खाली राहते. मणक्यांचा आकार मात्र बिघडलेला नसतो. पाठीचे व खांद्यांमागील स्नायू बळकट करणारे व्यायाम, छातीच्या स्नायूंना ताण देणे, पोहणे, भुजंगासन व शलभासन यांसारखी आसने आणि वाचताना पुस्तक डोळ्यांच्या पातळीजवळ आणणारे मेज एवढे सहसा पुरते. ‘ताठ बस’ असे दिवसातून दहादा बजावण्याचा उपयोग मात्र फारसा होत नाही. शिक्षकांचा व पालकांचा अनुभव याची साक्ष देईल.

जड दप्तरामुळे कुबड येते, असा समज रूढ आहे. दप्तराच्या ओझ्याने पाठ व खांदे दुखतात आणि चालताना मूल पुढे झुकते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्याचे निर्देश दिले, ते योग्यच होते. तथापि दप्तरामुळे मणक्यांचा आकार कायमचा बदलतो असे सिद्ध झालेले नाही. या समजाचा खरा तोटा वेगळाच आहे. मुलाच्या पाठीत सतत दुखू लागले की दोष दप्तराला दिला जातो आणि तपासणी लांबणीवर पडते.

शॉयरमन रोग

होल्गर शॉयरमन या डॅनिश वैद्याने १९२० च्या सुमारास किशोरवयीन मुलांतील एका ताठर गोलाकार कुब्जतेचे वर्णन केले. तिला त्याचे नाव मिळाले. यात मणक्यांच्या वाढणाऱ्या कडांत दोष निर्माण होऊन त्यांची पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा बुटकी राहते व मणके पाचरीच्या आकाराचे होतात. लागोपाठच्या किमान ३ मणक्यांत प्रत्येकी ५ अंश किंवा अधिक पाचर आढळल्यास हे निदान करण्याची प्रथा आहे. नेमके कारण ज्ञात नाही. आनुवंशिकतेचा वाटा असल्याचे मानतात.

सवयीची कुब्जता समजून याकडे दुर्लक्ष होते आणि मुलाला आळशी ठरवले जाते. वास्तविक हे मूल इच्छा असूनही पाठ सरळ करू शकत नाही. बहुतेकांचा बाक मध्यम राहतो, व्यायामाने दुखणे आटोक्यात येते आणि पुढील आयुष्य सर्वसामान्यपणे जाते. बाक मोठा असून वाढ शिल्लक असेल तर पट्टा वापरतात. अमेरिकेतील मिल्वॉकी शहरात १९४० च्या दशकात तयार झालेला, कमरेपासून हनुवटीखालपर्यंत येणारा धातूच्या दांड्यांचा पट्टा यासाठी प्रसिद्ध आहे. तो दिवसाचे बहुतेक तास आणि महिनोन्‌महिने वापरावा लागत असल्याने किशोरवयीन मुलांना तो नकोसा होतो. वाढ पूर्ण झाल्यानंतर पट्ट्याने विकृती सुधारत नाही. ७५ अंशांपलीकडील बाक किंवा इतर उपायांना दाद न देणाऱ्या वेदना असल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो.

जन्मजात कुब्जता

गर्भात मणका अर्धवटच तयार होणे किंवा शेजारचे मणके एकमेकांपासून सुटे न होणे, यांमुळे ही विकृती येते. पहिला प्रकार अधिक घातक असतो. मूल वाढू लागते तसा कोन वाढत जातो आणि मज्जारज्जू दबून पाय लुळे पडू शकतात. येथे पट्टा व व्यायाम निरुपयोगी ठरतात. लहान वयात केलेली शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय असतो. अशा बालकांत हृदय व मूत्रपिंड यांचेही जन्मजात दोष असू शकतात, म्हणून त्यांची तपासणी केली जाते.

कण्याचा क्षय

पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यविशारदाने १७७९ मध्ये पाठीचे कुबड आणि पायांचा पक्षाघात यांचा संबंध वर्णन केला, त्यावरून या रोगाला पॉटचा रोग म्हणतात. रोग मात्र त्याहून कितीतरी जुना आहे. प्राचीन इजिप्तच्या ममींमध्ये त्याच्या खुणा सापडल्या आहेत. त्याचे कारण पॉटला ठाऊक नव्हते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये शोधला.

क्षयाचे जंतू बहुधा फुप्फुसातून किंवा लसिकाग्रंथींतून रक्तावाटे मणक्यापर्यंत पोहोचतात. हाडे व सांधे यांच्या क्षयांपैकी जवळजवळ निम्मे रुग्ण कण्याच्या क्षयाचे असतात. रोगाची सुरुवात सामान्यतः मणक्याच्या पुढच्या भागात, दोन मणक्यांमधील गादीच्या लगत होते आणि शेजारचे दोन्ही मणके पोखरले जातात. मणक्यांची मागची कमान बहुधा शाबूत राहते. पुढचा आधार ढासळला व मागचा टिकला की कणा त्या जागी पुढे मोडतो आणि पाठीवर टोकदार उंचवटा दिसू लागतो. कोनाकृती कुबड ते हेच.

सुरुवातीची लक्षणे फसवी असतात. एका ठरावीक जागी आठवडेच्या आठवडे टिकणारे आणि विश्रांतीनेही न थांबणारे दुखणे, रात्री वाढणाऱ्या वेदना, पाठ ताठ धरून चालणे, संध्याकाळचा बारीक ताप, भूक व वजन घटणे ही ती लक्षणे होत. ताप व वजनातील घट पुष्कळांत नसतेही. लहान मूल जमिनीवरची वस्तू उचलताना कंबरेतून वाकण्याऐवजी गुडघ्यांत बसून ती उचलते, हे निरीक्षण जुन्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतही आढळते. काही रुग्णांत पू स्नायूंच्या आवरणातून खाली उतरून जांघेत गळू येते. ते लाल वा गरम नसते, म्हणून त्याला थंड गळू म्हणतात. ते केवळ फोडून रोग बरा होत नाही.

निदानासाठी एमआरआय चित्रण सर्वांत उपयुक्त असते. साध्या क्ष-किरण चित्रात दोष दिसेपर्यंत हाडाचा बराच भाग नष्ट झालेला असतो. शक्य तेव्हा सुईने नमुना घेऊन जंतू तपासतात व ते औषधांना दाद देणारे आहेत की नाहीत हेही पाहतात, कारण औषधरोधी क्षयाचा उपचार निराळा असतो.

उपचाराचा पाया म्हणजे क्षयविरोधी औषधे. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आणि १९५२ मध्ये आयसोनायझिड उपलब्ध होण्यापूर्वी रुग्णाला प्लास्टरच्या साच्यात वर्षानुवर्षे झोपवून ठेवीत. औषधे आल्यानंतर प्रत्येक रुग्णावर शस्त्रक्रिया करावी की कोणावरच करू नये, असा वाद झाला. हाँगकाँगच्या शल्यविशारदांनी छाती उघडून रोगट हाड काढण्याची व तेथे कलम बसवण्याची पद्धत १९५६ मध्ये मांडली. भारतात सुरेंद्र मोहन तुली यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘मध्यममार्ग’ अधिक स्वीकारार्ह ठरला. सर्वांना औषधे द्यावीत, आणि मज्जारज्जूवर दाब, अस्थिर कणा किंवा औषधांना दाद न देणारा रोग असेल त्यांच्यावरच शस्त्रक्रिया करावी, असे त्याचे सूत्र आहे. साधनांची टंचाई असलेल्या देशासाठी हे सूत्र शहाणपणाचे होते, आणि साधने वाढल्यावरही ते फारसे बदललेले नाही.

भारतात कण्याच्या क्षयासाठी औषधे साधारणतः १२ महिने व गरजेनुसार त्याहून अधिक काळ दिली जातात. राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमाअंतर्गत ती सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. दोन-तीन महिन्यांत दुखणे थांबते आणि अनेक रुग्ण तेथेच औषध सोडतात. रोग उलटण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. फुप्फुसाचा क्षय नसेल तर कण्याचा क्षय सहवासाने इतरांना होत नाही. तरीही रुग्णाचे ताट-पेला वेगळे ठेवणे, मुलीच्या लग्नासाठी आजार लपवणे आणि त्यापायी उपचार टाळणे हे प्रकार घडतात.

लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. रोग बरा झाल्यानंतरही कुबड वाढू शकते. मणक्याच्या पुढच्या भागातील वाढीच्या कडा क्षयाने नष्ट झालेल्या असतात, मागचा भाग मात्र वाढतच राहतो, त्यामुळे वर्षागणिक कोन वाढतो. कोइमतूरचे एस. राजशेखरन यांनी अशा मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासातून दाखवले की सुमारे ४० टक्के मुलांत बाक वाढ पूर्ण होईपर्यंत वाढत गेला, तर त्याहून काहीशा अधिक मुलांत तो आपोआप सुधारला. कोणती मुले पहिल्या गटात जातील हे ओळखण्यासाठी त्यांनी क्ष-किरण चित्रातील चार खुणा सांगितल्या. त्या दिसल्यास विकृती वाढण्याआधीच शस्त्रक्रिया करणे हितावह ठरते. औषधे संपली की फाइल बंद, असे या वयात चालत नाही. मोठे कुबड राहिलेल्या काही रुग्णांना रोग बरा झाल्यानंतर दहा-वीस वर्षांनी पायांत अशक्तपणा येतो, आणि त्या टप्प्यावरची शस्त्रक्रिया अधिक कठीण व जोखमीची असते.

वार्धक्यातील पोक

रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत आणि उशिरा पुरुषांतही हाडे विरळ होतात. अशा मणक्याची पुढची बाजू किरकोळ कारणाने, कधी खोकल्याने किंवा पाण्याची बादली उचलताना, दबते. पुष्कळदा अस्थिभंग झाल्याचे कळतही नाही. कंबर धरली, उसण भरली असे समजून दिवस काढले जातात. असे दोन-तीन मणके दबले की पोक येते आणि उंची घटते. तारुण्यातील उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा अधिक घट झाली असल्यास किंवा भिंतीला टाचा व पाठ टेकून उभे राहिले असता डोके भिंतीला टेकत नसल्यास तपासणी करावी. वयोमानाने आलेले सगळेच पोक अस्थिभंगामुळे नसते. गाद्या झिजणे व पाठीचे स्नायू क्षीण होणे हीदेखील कारणे आहेत.

हाडांची घनता मोजून, कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाबरोबरच हाडे बळकट करणारी विशेष औषधे दिली जातात. केवळ कॅल्शियमच्या गोळ्या पुरेशा नसतात. दबलेल्या मणक्यात सुईने अस्थिसिमेंट भरण्याची पद्धत एके काळी फार लोकप्रिय होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन तुलनात्मक चाचण्यांत तिचा परिणाम नुसत्या देखाव्याच्या उपचाराहून सरस आढळला नाही, आणि तेव्हापासून ती निवडक रुग्णांपुरती वापरावी असे अनेक तज्ज्ञ मानतात. पाठ मागे नेणारे सौम्य व्यायाम या रुग्णांना हितकारक असतात; पश्चिमोत्तानासनासारखी पुढे वाकण्याची आसने मात्र टाळावीत, कारण त्यांनी मणके दबण्याचा संभव वाढतो.

अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस

या दाहक संधिविकारात कण्याचे सांधे हळूहळू एकमेकांना जुळून येतात. आरंभ बहुधा चाळिशीपूर्वी होतो आणि पुरुषांत तो अधिक आढळतो. सकाळी उठल्यावर पाठ आखडलेली असणे आणि विश्रांतीने नव्हे तर हालचालीने बरे वाटणे ही ओळखीची खूण आहे. उपचाराविना काही रुग्ण इतके वाकतात की समोरच्या माणसाचा चेहरा पाहणे अवघड होते. दाहशामक व जैविक औषधे आणि नियमित व्यायाम यांमुळे ही अवस्था आता कमी दिसते.

तातडीची लक्षणे

पायांत अशक्तपणा, चालताना अडखळणे, पाय बधिर किंवा ताठर होणे, लघवी वा शौचावरचा ताबा जाणे ही मज्जारज्जू दबल्याची लक्षणे असून त्यांवर तत्काळ, शक्य तर त्याच दिवशी, रुग्णालयात उपचार व्हावे लागतात. कर्करोगग्रस्त व्यक्तीला किंवा पडल्यानंतर पाठीत नव्याने बाक दिसल्यासही थांबू नये. अतितीव्र कुब्जतेत छातीचा पिंजरा आक्रसून श्वसनक्षमता कमी होते.

उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याची प्रथा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. स्नायूंच्या आखडण्यावर तिने अपाय झाला नाही तरी क्षयाने पोखरलेल्या किंवा ठिसूळ झालेल्या मणक्यावर असा दाब, रगडून केलेले मालीश अथवा झटका देऊन ‘हाड बसवणे’ पक्षाघाताला कारण होऊ शकते. कारण कळेपर्यंत पाठ तुडवू न देणे श्रेयस्कर.

शस्त्रक्रिया

मणक्यांत स्क्रू बसवून त्यांना धातूच्या दांड्या जोडणे आणि हाडांचे कलम लावून तो भाग एकजीव करणे, हे शस्त्रक्रियेचे सर्वसाधारण स्वरूप आहे. ताठर कोनासाठी मणक्याचा पाचरीसारखा तुकडा काढावा लागतो. मज्जारज्जूला इजा होणे हा मुख्य धोका असून, तो कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जूतून जाणारे विद्युतसंकेत सतत तपासले जातात. जोडलेला भाग नंतर वाकत नाही, त्यामुळे काही हालचाली कायमच्या मर्यादित होतात. पाठ पूर्णपणे सरळ करणे हे उद्दिष्ट नसते. तोल, वेदनामुक्ती आणि मज्जारज्जूची सुरक्षितता यांना प्राधान्य असते.

साहित्य व इतिहासात

भागवत पुराणाच्या दशम स्कंधात मथुरेतील कुब्जेची कथा आहे. कृष्ण तिची पावले आपल्या पायाने दाबून धरतो, हनुवटीला दोन बोटे लावून तिला वर उचलतो आणि ती सरळ होते. कणा ताणून सरळ करण्याच्या उपचाराची यावरून आठवण होते, परंतु कथेला वैद्यकीय पुरावा मानण्याचे कारण नाही. रामायणातील मंथरा कुबडी आहे आणि दुष्टही. शरीराची वक्रता व मनाची वक्रता यांची सांगड घालण्याची ही रीत अनेक भाषांत आढळते. व्हिक्टर ह्यूगोच्या १८३१ मधील फ्रेंच कादंबरीतील कुबडा घंटावादक क्वासिमोदो या रीतीला छेद देतो. इंग्रजी कवी अलेक्झांडर पोप याला बालपणीच कण्याच्या क्षयाने कुबड आले होते.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याला शेक्सपिअरने कुबडा खलपुरुष म्हणून रंगवले. २०१२ मध्ये लेस्टर येथील वाहनतळाखाली त्याचा सांगाडा सापडला. तपासणीत त्याचा कणा एका बाजूला वळलेला, म्हणजे पार्श्ववक्र असल्याचे आढळले. कुब्जता त्याला नव्हती.